तळटीप : माँटिसेलोवरची दफनभूमी

मजकुरात जिचा उल्लेख ओझरता आला आहे, ती दफनभूमी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, थॉमस जेफरसन यांच्या सुमारे ५,००० एकरांच्या शेतमळ्यावर आहे. तिची सुरुवात एका मैत्रीतून झाली. डॅब्नी कार हे जेफरसन यांचे शाळासोबती आणि पुढे बहिणीचे यजमान. जो आधी जाईल त्याला दुसऱ्याने टेकडीवरच्या आवडत्या ओक वृक्षाखाली पुरायचे, असे दोघांचे ठरले होते, अशी घराण्यातली आठवण आहे. कार १७७३ मध्ये, तिशीच्या आतच वारले. जेफरसन यांनी शब्द पाळला.

४ जुलै १८२६ रोजी जेफरसनही गेले आणि तिथेच विसावले. मागे डोंगराएवढे कर्ज होते. १८३१ मध्ये घर आणि जमीन विकावी लागली, पण एवढा तुकडा घराण्याने विक्रीतून वगळला. कबरीवरचा मूळ दगडी स्तंभ आठवण म्हणून टवके काढून नेणाऱ्यांनी इतका विद्रूप केला, की १८८३ मध्ये तिथे नवा, अधिक उंच स्तंभ उभारावा लागला. जुना आता मिझुरी विद्यापीठाच्या आवारात आहे. १९१३ पासून वंशजांची संस्था ही जागा सांभाळते.

वाचकाने एक गोष्ट मात्र नजरेआड करू नये. हा मळा गुलामांनी कसला. जेफरसन यांच्या हयातीत त्यांच्या मालकीचे ६०० हून अधिक गुलाम होते. त्यांच्यातल्या काहींची दफनभूमी याच डोंगरावर, आजच्या वाहनतळालगत आहे. पुरातत्त्वज्ञांना तिथे निदान ४० कबरी आढळल्या. त्यांपैकी एकीवरही नाव कोरलेले नाही.