रूळ आले, शहर उसळले

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून मुंबईची वाढ खाडीपलीकडे वळवण्याची योजना मांडली. हे नवे शहर, नवी मुंबई, वसवण्यासाठी मार्च १९७० मध्ये सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला.

शहर मात्र भरेना.

मंत्रालय दक्षिण मुंबईतच राहिले. नोकऱ्या नाहीत म्हणून माणसे येत नव्हती आणि माणसे नाहीत म्हणून दुकाने, कचेऱ्या येत नव्हत्या. पाणी ९९ अंशांपर्यंत नुसते तापते, १०० अंशांना त्याची वाफ होते. अशा ठिकाणी कारण आणि परिणाम यांचे प्रमाण सरळ रेषेत राहत नाही. अर्थव्यवहारातही असे उंबरठे असतात. नवी मुंबईचा उंबरठा होता लोकल.

मे १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी मार्ग सुरू झाला. रेल्वेच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला होता. महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे ३ लाख होती. २००१ मध्ये ती ७ लाखांवर आणि २०११ मध्ये ११ लाखांवर गेली. येणारा प्रत्येक रहिवासी पुढच्यासाठी शहर अधिक सोयीचे करत होता.

जमिनीच्या किमतीही तशाच उसळल्या. आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनी मात्र त्याआधीच, जुन्या दराने या शहरासाठी संपादित झाल्या होत्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात या शेतकऱ्यांच्या झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली आणि त्या वाढीव किमतीत मूळ मालकांना वाटा मिळाला.