ध्येयनिश्चिती, विद्यार्थ्यांची
विद्यार्थ्याने आपले साध्य ठरवावे आणि त्या दिशेने झालेली वाटचाल स्वतःच तपासावी, यासाठीचे अध्यापन. एडविन लॉक व गॅरी लेथम यांच्या मते नेमके, कठीण ध्येय ‘जमेल तेवढे कर’ या सांगण्याहून अधिक परिणामकारक ठरते. शाळेच्या दृष्टीने मात्र अल्बर्ट बांडुरा व डेल शंक यांचा १९८१ चा प्रयोग अधिक मोलाचा. गणितात मागे पडलेल्या मुलांपुढे वजाबाकीची ४२ पाने होती. दर सत्राला ६ पाने असे ध्येय सुचवलेल्यांचे कौशल्य, आत्मविश्वास व गोडी वाढली. एकदम ४२ पानांचे ध्येय समोर असलेली मुले ध्येयाविना शिकणाऱ्यांच्या फारशी पुढे गेली नाहीत. (ध्येये मुलांनी स्वतः ठरवलेली नव्हती, हे सहसा विसरले जाते.) बॅरी झिमरमन यांनी स्वयंनियंत्रित अध्ययनाचे पूर्वविचार, कृती व आत्मचिंतन असे चक्र मांडले. भारताच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील (२०२०) समग्र प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापनाला स्थान आहे.