साथी हाथ बढ़ाना

बी. आर. चोप्रा यांच्या ‘नया दौर’ (१९५७) या चित्रपटातील द्वंद्वगीत. गीत साहिर लुधियानवी, संगीत ओ. पी. नय्यर, स्वर महंमद रफी व सांगलीच्या आशा भोसले यांचे. द्वंद्वगीत म्हणजे प्रेमगीत, हा चित्रसृष्टीचा शिरस्ता. येथे मात्र दोन्ही स्वर रस्ता खोदणाऱ्या गावकऱ्यांचे आहेत. बसमुळे टांगेवाल्यांच्या पोटावर पाय येतो, म्हणून बसशी शर्यत लागते आणि तिच्यासाठी हा रस्ता बांधला जातो. चित्रपटाचा रोख यंत्राविरुद्ध नाही. यंत्राच्या लाभात श्रमिकाचा वाटा असावा, एवढाच त्याचा आग्रह आहे. सिंगापूरच्या तांजोंग पगार गोदीत १९७२ मध्ये कंटेनर आले, तेव्हा पाठीवर माल वाहणाऱ्यांपुढे टांगेवाल्यांचाच प्रश्न उभा राहिला.