सिंधू, सुधा, जान्हवी : प्रेक्षकांच्या वादाचा इतिहास

समीक्षाव्यवहारात काही प्रश्न असंस्कृत मानले जातात. अमुक पात्राने असे का केले, त्याने तसे करायला हवे होते, हा त्यांपैकी एक. लेडी मॅकबेथला मुले किती, असा खोचक प्रश्न एल. सी. नाइट्स यांनी १९३३ साली निबंधाच्या शीर्षकातच विचारून ब्रॅडलीप्रणीत पात्रनिष्ठ समीक्षेची थट्टा केली. पुढे पात्रांना हाडामांसाची माणसे समजणे हे भाबडेपणाचे लक्षण ठरले. मालिकांच्या प्रेक्षकांविषयी बोलताना तर हा दंडक फारच सोयीचा पडतो.

परंतु ही सवय मालिकांनी लावलेली नाही. गडकऱ्यांच्या निधनानंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. पाठीशी पद्माकरासारखा भाऊ असताना सिंधू व्यसनी सुधाकराच्या घरात दळणे दळत का राहते? पातिव्रत्याच्या आदर्शावर एवढ्या कथानकाची कार्यकारणसंगती पेलते काय, अशी ही पृच्छा आहे. अॅरिस्टॉटलची संभाव्यता किंवा क्षेमेंद्राचे औचित्य यांहून ती फार दूरची नाही. मात्र नाटक लिहून संपलेले असते; प्रेक्षकाने काहीही ठरवले तरी सिंधू मरणारच.

मालिकेने हीच अट मोडली. मनोहर श्याम जोशी यांची 'हम लोग' (१९८४-८५) चालू असताना प्रेक्षकांची सुमारे चार लाख पत्रे आली. संहिता अपुरी असतानाच तिच्याशी वाद घालणारा एवढा मोठा प्रेक्षकवर्ग भारतीय दूरचित्रवाणीला प्रथमच लाभला होता. सोशिक भागवंतीचे पात्र कसे वागू नये हे दाखविण्यासाठी योजले होते. अरविंद सिंघल व एव्हरेट रॉजर्स यांच्या अभ्यासात मात्र तिलाच आदर्श मानणाऱ्या प्रेक्षक स्त्रिया आढळल्या. त्यांना अर्थ कळला नाही असे म्हणणे सोपे आहे. भागवंतीसारखे आयुष्य काढलेल्या बाईला ते पात्र चुकीचे ठरविण्याचा अधिकार लेखकाला होता काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

१९९९ साली अल्फा मराठीवर 'आभाळमाया' सुरू झाली. नवरा दुसऱ्या स्त्रीत गुंतल्यावर सुशिक्षित, मिळवत्या सुधाने काय करावे, या प्रश्नात सिंधूचाच पेच आहे. फरक इतकाच की सुधाला पगार आहे, त्यामुळे सहन करण्याचे कारण आता तिला द्यावे लागते.

'होणार सून मी ह्या घरची' (२०१३-१६) या मालिकेतील जान्हवीचे लांबलेले गरोदरपण सर्वत्र विनोदाचा विषय झाले. विनोद वगळला तर तेथे एक कठोर कसोटी लावली जात होती. सासू-सुनांच्या कारस्थानांतील अतिशयोक्ती खपवून घेणारा प्रेक्षक नऊ महिन्यांचा हिशेब चुकला की अडतो. गरोदरपणाचे दिवस बायका बोटांवर मोजतात; तेथे त्यांना फसविता येत नाही. कथानक ताणण्यामागे लोकप्रियतेचे गणित असते हेही त्या जाणतात, तरीही जान्हवीची काळजी करतात. या दुहेरी जाणिवेला भाबडेपणा म्हणणारी परिभाषा तपासून पाहावी लागेल.

या इतिहासाची खरी अडचण साधनांची आहे. पत्रे उरतात ती पत्रे लिहिणाऱ्यांची. भिवंडीतील कामतघरसारख्या वस्तीचा विचार करावा. यंत्रमागांच्या या गावात मराठी, तेलुगू आणि हिंदी बोलणारी कुटुंबे शेजारी राहत आली आहेत. रात्रपाळीच्या कामगाराला रात्री आठचा भाग पाहता येत नाही. तो त्याला घरच्यांकडून कळतो. सांगणारी बाई काही गाळते, काही स्वतःचे घालते, पात्राची बाजू घेते किंवा त्याला नावे ठेवते. शेजारणीला सांगताना कदाचित भाषाही बदलते. मालिकेचे हे दुसरे कथन कोणत्याही दप्तरात नाही. ते मौखिक साक्षींतूनच गोळा करावे लागेल, आणि 'हम लोग' जाणत्या वयात पाहिलेली पिढी आता साठीच्या घरात किंवा तिच्याही पुढे आहे.