वाद्यांतर

एका वाद्यावर घडलेली स्वरवाक्ये दुसऱ्या वाद्यावर वाजती करणे म्हणजे वाद्यांतर. पियानोवरचा ब्लूजचा टर्नअराउंड बोटांनी छेडायच्या गिटारवर आणणे, हे त्याचे बोलके उदाहरण. ब्लूजचे आवर्तन बहुधा 12 बारचे असते. शेवटच्या दोन बारमध्ये वादक स्वरसंघ असे फिरवतो की पुढचे आवर्तन अटळ वाटावे; तोच टर्नअराउंड. आपल्याकडे समेची चाहूल देणाऱ्या आमदीचे काम थोडेफार हेच. पियानोवर दहाही बोटे सूर काढतात, गिटारवर मात्र डाव्या हाताची चार बोटे तारा दाबण्यात गुंततात. पियानोचे सगळे सूर बसवण्याच्या हट्टात लय मोडते, आणि लयीविना टर्नअराउंड उरतच नाही. जपायची असते ती ओढ. पांढरी एक हा षड्ज धरला, तर खर्जात धैवत, ऋषभ, पंचम आणि पुन्हा षड्ज असा प्रवास होतो. प्रत्येकावर दोनच सूर पुरतात : धैवतावर पंचम व कोमल ऋषभ, ऋषभावर तीव्र मध्यम व षड्ज, पंचमावर शुद्ध मध्यम व निषाद, षड्जावर गंधार व कोमल निषाद. जोडी दर वेळी अर्ध्या स्वराने उतरते. गिटारच्या चौथ्या तारेचा पाचवा आणि तिसऱ्या तारेचा सहावा पडदा धरून दोन बोटे एकेक पडदा मागे नेली की ही उतरण साधते. खर्ज अंगठ्याने छेडावा.

यात पियानोचा भरगच्चपणा हरवतो, हा आक्षेप खरा आहे. पण त्यामुळे वाद्यांतर फसते असे नाही. पेटीचेच पाहा : तिच्यावर मींड निघत नाही, हा जुना आरोप. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदीही घातली. तरीही जालन्याजवळच्या जळगाव या खेड्यात जन्मलेल्या अप्पा जळगावकरांनी (1922–2009) भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर यांच्यासारख्यांना त्याच पेटीवर साथ केली. मींड नसली तरी कणस्वर आणि भात्यावरचा ताबा यांतून गायकीचा आकार पेटीवर उमटतो. पेटी गळ्याच्या आधाराने चालते, गिटार एकटी असते, हा भेद मोठा आहे. म्हणूनच गिटारवर खर्ज सोडता येत नाही. मधले सूर खुशाल गाळावेत. शिवाय वाद्यांतरात नेहमी तोटाच होतो असे नाही. ब्लूजचा हलता गंधार पियानोवादक शेजारच्या दोन पट्ट्या जवळजवळ एकदम दाबून नुसता सुचवतो. गिटारवर तो तार ताणून प्रत्यक्ष मिळतो.