वऱ्हाडांतील आचारी आणि पाकविद्या

अमरावती-अकोल्याकडील सुशिक्षित घरांत मुलानें उपाहारगृहाच्या मुदपाकखान्याचें शिक्षण घेण्याचा मनोदय बोलून दाखविला कीं वडील मंडळी अजूनहि एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. ‘एवढें शिकून आचारीच व्हायचें काय?’ हा प्रश्न ठरलेलाच. या प्रश्नामागें इतिहास आहे, आणि तो आम्हां वऱ्हाडकरांस फारसा भूषणावह नाहीं.

आमचें वाङ्मय अन्नाविषयीं उदासीन आहे असें मुळींच नव्हे. तेराव्या शतकांत ऋद्धिपुरास म्हाइंभटांनीं लीळाचरित्र सिद्ध केलें, त्यांत त्या काळचे खाद्यपदार्थ जागोजाग भेटतात; गोविंदप्रभु तर लोकांच्या घरांत शिरून हवें तें खात. परंतु रांधणें ही शिकण्याची विद्या कोणी मानिली नाहीं. घरीं ती सासूकडून सुनेकडे गेली, पंगतींत आचाऱ्याकडून त्याच्या हाताखालच्या पोराकडे. आचारी कोणत्या जातीचा, हा यजमानाचा पहिला प्रश्न. त्याच्या हाताला चव आहे कीं नाहीं, हा दुसरा. ज्या अमरावतींत १९२७ सालीं अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठीं झगडावें लागलें, तेथें डॉ. पंजाबराव देशमुखांनीं श्रद्धानंद छात्रालयांत सर्व जातींचीं मुलें एकत्र ठेवलीं, याचें धाडस आज सहजीं ध्यानांत येत नाहीं.

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं छापलें गेलें, लक्ष्मीबाई धुरंधरांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० सालीं. कृति कागदावर आली, पण घरगुती चुलीपुरती. धंद्याचें शिक्षण सुरू झालें तें १९५४ सालीं मुंबईस. लीलावती मुनशी यांच्या पुढाकारानें अखिल भारतीय महिला मध्यवर्ती अन्न परिषदेनें काढलेली ती संस्था देशांतील या प्रकारची पहिली होय. आचारी होण्यास आतां जन्म नव्हे, शाळेचा दाखला पुरेसा झाला. आमच्या मतें ही गोष्ट तेथें शिकविलेल्या कोणत्याहि पाककृतीहून मोठी आहे.

तेथें शिकवितात तरी काय? एका पानामागें तांदूळ किती, तेल किती, वायां किती गेलें, हें तोलून मांडणें, कच्चा माल शिजलेल्यापासून दूर ठेवणें, भांडाराचा हिशेब. जुन्या आचाऱ्यालाहि यांतलें अर्धें तोंडपाठ असे, मात्र शागिर्दाला तो तें सांगत नसे! कामाची वांटणी मात्र एस्कॉफिए (१८४६-१९३५) या फ्रेंच पाकशास्त्र्यानें बसविलेली, आणि परिभाषाहि बरीचशी फ्रेंच.

आमची तक्रार आहे ती येथें. फ्रेंच रश्शांचीं नांवें घोकणाऱ्या वऱ्हाडी विद्यार्थ्यानें गोवऱ्यांच्या विस्तवांत रोडगे भाजतांना एकदां तरी पाहावे. सांबारवडींतला सांबार म्हणजे कोथिंबीर, हें त्याला पुण्या-मुंबईच्या सोबत्यांस सांगतां यावें. आणि हातांवर ताणीत ताणीत पुरणाचा मांडा पालथ्या मडक्याच्या तापल्या बुडावर टाकणारी एखादी बाई शिक्षिका म्हणून वर्गांत आणावी. तिला प्रमाणपत्र नाहीं, आणि कणकेंत पाणी किती म्हणून विचारलें तर ती हंसून एवढेंच म्हणते, ‘हाताले समजते जी.’