मारिओच्या मिशा आणि आलेखाचा कागद

मोबाईलवर खेळणारी मुलं आता गोंदियात काय आणि सालेकशात काय, घरोघरी दिसतात. पण हा खेळ रचला कुणी, असं विचारणारं मूल विरळाच. तसा एक विद्यार्थी माझ्या ओळखीचा आहे. आमगावकडचा, बी.ए.ला शिकणारा. वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढतो आणि म्हणतो, मला व्हिडिओ गेम रचायचे आहेत. घरच्यांचे आक्षेप दोन. एक, हे इंजिनिअरांचं काम. दुसरा, खेळ म्हणजे बरबादी. मी कविता लिहिणारा माणूस, या विद्येत अडाणीच. पण त्या मुलाच्या तोंडी सारखं एक नाव असतं, त्याचा माग काढताना जे हाती लागलं, ते त्याच्या घरच्यांनी ऐकावं असं वाटतं.

ते नाव शिगेरू मियामोतो. जगभरची मुलं ज्या 'मारिओ'ला ओळखतात, त्याचे जनक.

मियामोतो १९५२ साली जपानमध्ये, क्योतोजवळच्या सोनोबे या लहानशा गावी जन्मले. डोंगर आणि ओढ्यांमध्ये भटकण्यात बालपण गेलं. एकदा त्यांना एक गुहा सापडली. आत काळोख. भीतीही वाटत होती आणि ओढही. शेवटी कंदील घेऊन ते आत शिरले. पुढे १९८६ साली त्यांचा 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा खेळ आला. अनोळखी मुलखात एकट्यानं हिंडायचं, अंधाऱ्या गुहांत उतरायचं, वाट आपणच शोधायची. या खेळाचं मूळ बालपणीच्या त्या भटकंतीत आहे, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे.

आता पहिला आक्षेप. मियामोतो इंजिनिअर नव्हते. त्यांना चित्रकथा काढायच्या होत्या. कानाझावाच्या कलामहाविद्यालयात ते वस्तूंचं रेखाटन शिकले. १९७७ साली वडिलांच्या ओळखीनं 'निन्टेंडो' कंपनीत गेले, तेही आपण बनवलेली खेळणी दाखवून. ही कंपनी १८८९ साली सुरू झाली ती खेळायचे पत्ते बनवण्यासाठी. तिथं मियामोतोंना चित्रकाराचं काम मिळालं.

संधी आली ती कंपनीच्या अडचणीतून. नाणं टाकून खेळायची, कपाटाएवढी सुमारे २,००० यंत्रं अमेरिकेत विकली न जाता पडून होती. त्याच यंत्रांत बसेल असा नवा खेळ हवा होता. हे काम तरुण मियामोतोंकडे आलं. गुनपेई योकोई हे अनुभवी गृहस्थ देखरेखीला होते, आणि संगणकाला कळणाऱ्या आज्ञा लिहिणारे तंत्रज्ञ वेगळेच होते. १९८१ साली 'डाँकी काँग' आला आणि तुफान चालला. त्यात उड्या मारणारा जो सुतार होता, तोच पुढचा मारिओ.

त्या काळच्या पडद्यावर माणूस काढायला मूठभर ठिपकेच मिळत. तेवढ्यात तोंड कसं दाखवायचं? म्हणून मोठं नाक आणि त्याखाली मिशा. केस काढणं जमेना, म्हणून टोपी. हात हलताना दिसावेत, म्हणून अंगात कामगाराचा पट्ट्यांचा पोशाख. गझल लिहिणाऱ्याला हे लगेच कळतं. मात्रा मोजून मिळालेल्या असतात आणि सांगायचं ते तेवढ्यातच सांगायचं असतं.

हे झालं जपानचं. आपल्याकडे काय? पुण्यात अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड यांनी 'नॉडिंग हेड्स गेम्स' ही संस्था काढली. 'राजी' हा त्यांचा खेळ. सर्कशीत वाढलेली राजी असुरांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते. खेळातली चित्रं पहाडी शैलीतून स्फुरलेली, वाडे-महाल राजस्थानी थाटाचे आणि कथा पुढं नेणारे प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेले. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी मंडळींनी काम सोडलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये 'राजी' बाहेर आला तो मियामोतोंच्याच कंपनीच्या यंत्रावर. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या नावाजलेल्या पुरस्कारांत पदार्पणाच्या उत्तम खेळासाठी त्याला नामांकनही मिळालं.

दुसरा आक्षेप बरबादीचा. तो अगदीच निराधार नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी घरं बुडवली, म्हणूनच ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं त्यांच्यावर बंदी आणणारा कायदा केला. पण पैशांचा डाव वेगळा आणि कल्पनेचा खेळ वेगळा. लॉटरी आणि नाटक या दोन्हींना तिकीट लागतं, म्हणून आपण झाडीपट्टीच्या नाटकाला जुगार म्हणत नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळानं ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. तेव्हा सरकार याला उद्योग मानतं, एवढं तरी घरच्यांना सांगता येईल. पोट भरेलच, अशी हमी मात्र कुणी देऊ नये. ती कवितेतही नाही.

राहिला प्रश्न सामग्रीचा. सालेकसा तालुक्यात कचारगडची प्रचंड गुहा आहे. पण माघ पौर्णिमेला तिथं हजारो गोंड भाविक जमतात. ते त्यांचं श्रद्धास्थान. तिच्यावर खेळ रचायचा तर आधी त्यांच्याशी बोलावं, उगाच राक्षसाची गुहा करून टाकू नये. दुसरी सामग्री आपल्या मामा तलावांची, म्हणजे माजी मालगुजारी तलावांची. तलावात पाणी मोजकं, धानाच्या बांध्या पुष्कळ. पाट कधी उघडायचा, आधी कुणाला द्यायचं, सारसाच्या घरट्यापाशी पाणी किती ठेवायचं? प्रत्येक निवडीत कुणाचं तरी पीक वाचतं, कुणाचं सुकतं. खेळाला हेच तर लागतं: नियम, अडचण आणि निवड. हे पाणीवाटप आमगावच्या पोराला जेवढं कळेल, तेवढं क्योतोच्या माणसाला कळायचं नाही.

आणि सुरुवातीला महागडा संगणकही नको. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चे टप्पे आधी आलेखाच्या कागदावर आखले होते. बदल करायचा तर वर पारदर्शक कागद ठेवून नवी रेघ मारायची. आलेखाचा कागद गोंदियाच्या कुठल्याही वह्यांच्या दुकानात मिळतो. त्यावर तलाव काढावा, बांध्या आखाव्यात, पाण्याच्या जागी चिंचोके मांडावेत आणि दोन मित्रांना खेळायला बसवावं. ते कुठं अडतात आणि कुठं कंटाळतात, ते लिहून ठेवावं. पुण्याला जायची वेळ आली, तर तेच कागद सोबत न्यावेत. मियामोतोही कामाच्या शोधात निघाले, तेव्हा हातानं केलेली खेळणी घेऊनच गेले होते.